मांडरबाई आणि त्यांचे दीड इंचाचे भिंग

आपल्या कामरगावच्या पूर्वेस, अमरावती जिल्ह्याच्या टोकाला, धामणगाव व पुलगाव यांच्या दरम्यान तळणी नावाचे एक लहानसे रेल्वे स्थानक आहे. वेगवान गाडीच्या खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला त्या नावाची पाटी वाचण्याइतकीही सवड मिळत नाही. तथापि ज्योतिःशास्त्राच्या इतिहासात तळणीचे नाव कायमचे नोंदले गेले आहे. सन १८९८ च्या जानेवारीच्या २२ तारखेस, पौष अमावास्येच्या दुपारी, खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी, येथे एका आयरिश विदुषीने अवघ्या दीड इंच व्यासाच्या भिंगाने सूर्यप्रभेचे असे छायाचित्र घेतले की, तसे त्या वेळेपर्यंत मोठमोठ्या वेधशाळांच्या प्रचंड यंत्रांनाही साधले नव्हते. त्या विदुषीचे नाव ॲनी मांडर. ज्या विद्यार्थ्यांना आकाशदर्शनाची गोडी लागते, त्यांच्यापुढे पहिली दुर्बीण कोणती घ्यावी हा प्रश्न लवकरच उभा राहतो, आणि तो सोडविण्याचे काम बहुधा त्यांच्या वडीलधाऱ्यांकडे येते. अशा उभयतांनी हे चरित्र अवश्य वाचावे. साधनाची निवड कशी करावी याचा उत्तम वस्तुपाठ त्यात सापडेल.

ॲनी स्कॉट डिल रसेल हिचा जन्म १४ एप्रिल १८६८ रोजी आयर्लंडच्या उत्तर भागातील स्ट्राबेन या गावी झाला. तिचे वडील तेथील प्रेस्बिटेरियन मंडळीचे धर्मोपदेशक होते. घरची स्थिती बेताचीच. परंतु मुलींनाही मुलग्यांप्रमाणे शिक्षण मिळाले पाहिजे, अशी त्या घरची धारणा होती. बेलफास्ट येथील मुलींच्या शाळेत ॲनीचे शिक्षण झाले. पुढे शिष्यवृत्ती मिळवून ती केंब्रिज येथील गर्टन या स्त्रियांच्या महाविद्यालयात दाखल झाली. सन १८८९ मध्ये ती तेथील गणिताची अवघड परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झाली व गर्टनच्या त्या वर्षीच्या विद्यार्थिनींत गणितात पहिली आली. असे असूनही तिला पदवी मिळाली नाही. स्त्रियांनी परीक्षेस बसावे, परंतु पदवीची अपेक्षा करू नये, असा त्या विद्यापीठाचा त्या काळी नियम होता.

काही काळ शिक्षिकेचे काम केल्यावर सन १८९१ मध्ये ती ग्रीनिच येथील राजकीय वेधशाळेत गणकाच्या जागेवर रुजू झाली. वेतन महिना चार पौंड, म्हणजे शिक्षिकेच्या कामात मिळत असे त्याहूनही कमी. तथापि आकाशाची ओढ असलेल्या त्या तरुणीने ते आनंदाने पत्करले. वेधशाळेच्या ज्या विभागात सूर्याची दररोज छायाचित्रे घेतली जात, तेथे तिची नेमणूक झाली. ग्रीनिचचे आकाश ढगाळ असले म्हणजे आपल्या देहरादूनहून व मॉरिशसहून आलेल्या छायाचित्रांनी उणीव भरून काढीत. काचेवर उमटलेले सूर्यबिंब सूक्ष्म मापनयंत्राखाली ठेवावे, त्यावरील प्रत्येक डागाची जागा व क्षेत्रफळ मोजावे, आणि वहीत टिपावे, असा तेथील नित्यक्रम होता. काम कंटाळवाणे खरे. परंतु छायाचित्राच्या काचेवरील अत्यंत अंधुक खूणही ओळखण्याची जी दृष्टी तिला लाभली, ती याच कामामुळे.

या विभागाचे प्रमुख वॉल्टर मांडर हे होते. ते विधुर असून पाच मुलांचे वडील होते. सन १८९५ च्या डिसेंबरात ॲनीचा त्यांच्याशी विवाह झाला. विवाहित स्त्रीला सरकारी नोकरीत राहता येत नसे. त्यामुळे मांडरबाईंना वेधशाळेतील जागा सोडावी लागली. जी दारे त्यांनी मोठ्या कष्टाने उघडली होती, ती एका दिवसात बंद झाली. पाच मुलांचा संसार हाती आला आणि ग्रीनिचची मोठी यंत्रे हातची गेली. आता आकाशाचा अभ्यास चालू ठेवावयाचा तर तो स्वतःच्या साधनाने, आणि तेही थोडक्या पैशात जमेल अशा साधनाने करणे भाग होते.

सुदैवाने याच सुमारास त्यांच्या गर्टन महाविद्यालयाने त्यांना संशोधनासाठी एक अनुदान दिले. रक्कम अशी मोठी नव्हती. आता या पैशातून काय घ्यावे? ग्रीनिचला त्या काळी २८ इंच व्यासाच्या भिंगाची दुर्बीण होती. तिच्याशी स्पर्धा करावयाची म्हटले तर या रकमेतून तिचे एखादे खेळण्यातले पिल्लूही आले नसते. परंतु मांडरबाईंनी प्रश्न वेगळ्या बाजूने हाती घेतला. प्रथम काय पाहावयाचे आहे हे त्यांनी ठरविले, आणि मग त्याला कोणते साधन लागेल हे शोधले. त्यांना आकाशगंगेची छायाचित्रे घ्यावयाची होती. आकाशगंगा ही या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत पसरलेली. तिचा प्रकाश अतिशय मंद. मोठ्या दुर्बिणीला आकाशाचा एखादा चिमूटभर तुकडाच दिसतो. तिने आकाशगंगा टिपू पाहणे म्हणजे किल्लीच्या भोकातून यात्रा पाहण्यासारखे आहे. येथे पाहिजे होते ते आखूड पल्ल्याचे, विस्तीर्ण आकाश एका काचेवर मावविणारे आणि मंद प्रकाश चटकन टिपणारे भिंग. म्हणून त्यांनी लंडनच्या डॉलमायर या प्रसिद्ध भिंगकारांचे दीड इंच व्यासाचे एक भिंग घेऊन त्याचा कॅमेरा बनवून घेतला. आजच्या मापाने ते भिंग अडतीस मिलिमीटरांचे, म्हणजे बाजारात मुलांसाठी मिळणाऱ्या पुष्कळशा दुर्बिणींच्या भिंगाहूनही लहान.

हाच कॅमेरा घेऊन मांडरबाई भारतात आल्या. त्यामागील कारण समजण्यासाठी खग्रास ग्रहणाविषयी थोडे सांगितले पाहिजे. सूर्याच्या तेजस्वी बिंबाभोवती अतिविरळ वायूचे एक प्रभामंडल असते. त्याचा प्रकाश इतका सौम्य की, सूर्याच्या झगमगाटापुढे तो एरव्ही मुळीच दिसत नाही. चंद्राने सूर्यबिंब पुरते झाकले म्हणजेच काय ती दोन-चार मिनिटे हे मोतिया रंगाचे मंडल डोळ्यांना दिसते. सन १८९६ मध्ये मांडर पतिपत्नी अशाच ग्रहणासाठी नॉर्वेच्या उत्तर टोकाला व्हाडसो येथे गेली होती. परंतु ऐन वेळी ढगांनी सूर्य झाकला आणि सर्व श्रम वाया गेले. पुढील संधी १८९८ ची. त्या ग्रहणाच्या छायेचा पट्टा कोकणकिनाऱ्यापासून सोलापूर जिल्हा, वऱ्हाड व वर्धा या भागांवरून ईशान्येस बक्सरकडे जाणार होता, आणि जानेवारीतील आपले स्वच्छ आकाश विलायतेतील ज्योतिष्यांना ठाऊक होते. मुंबई इलाख्यात प्लेगने थैमान घातले होते, तरी दूरदूरचे ज्योतिषी समुद्र ओलांडून महाराष्ट्रात उतरले.

त्या दिवशी आपल्या भूमीवर मांडलेल्या यंत्रांचा थाट विलक्षण होता. कोकणात विजयदुर्गच्या किल्ल्यावर सर नॉर्मन लॉकियर यांनी आपला तळ दिला होता. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल हे चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन आले होते. त्याच जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे संचालक प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीही आपली यंत्रे उभारली होती. पुलगावास केंब्रिजचे न्यूअल होते. आणि तळणीला, ब्रिटिश ज्योतिष मंडळाच्या हौशी निरीक्षकांच्या छोट्याशा छावणीत, मांडर दांपत्य होते. त्यांच्याबरोबर जॉन एव्हरशेड हेही होते. पुढे कोडाईकनालच्या सौर वेधशाळेचे संचालक म्हणून ज्यांची कीर्ती झाली, ते हेच.

दुपार झाली. आकाशात ढगाचा लवलेश नव्हता. चंद्र हळूहळू सूर्यावर सरकला, उन्हाचा रंग फिका पडला आणि शेवटी बिंब पूर्ण झाकले गेले. खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटांची. एवढ्या अवधीत काच बसवावयाची, झाकण काढावयाचे, क्षण मोजावयाचे, झाकण लावून दुसरी काच घ्यावयाची. हात थरथरला किंवा पाय अडखळला तर पुन्हा संधी नाही. वर डोके करून ते अद्भुत दृश्य मनसोक्त पाहण्याचा मोहही आवरावा लागतो. मांडरबाईंनी आपले काम शांतपणे उरकले.

काचा धुऊन पाहिल्या, तेव्हा एका काचेवर सूर्यापासून निघालेला एक लांबच लांब, सरळ किरण दिसला. सूर्याच्या त्रिज्येच्या चौदा पट, म्हणजे जवळजवळ एक कोटी किलोमीटर इतका तो अवकाशात पसरला होता. प्रभामंडलाचा इतका लांब किरण तोपर्यंत जगात कोणाच्याही छायाचित्रात उमटला नव्हता.

चाळीस फुटी कॅमेऱ्याला जे दिसले नाही, ते या तळहातावरील भिंगाला कसे दिसले? येथे चमत्कार काही नाही. भिंगापासून काच जितकी दूर, तितके त्यावर पडणारे चित्र मोठे. परंतु तितकाच प्रकाश मोठ्या जागेवर पसरल्यामुळे ते फिकेही होते. चाळीस फुटी कॅमेऱ्यात सूर्यबिंब चार इंचांहून मोठे उमटे. सूर्याच्या अगदी कडेजवळील ज्वाळा व प्रभेचे बारकावे पाहण्यास तो कॅमेरा अप्रतिम होता, आणि त्याने आपले काम चोख केले. मांडरबाईंच्या काचेवर सूर्यबिंब जेमतेम तिळाएवढे उमटले. त्यात बारकावे कोठून दिसणार? परंतु सगळा प्रकाश थोड्या जागेत एकवटल्यामुळे प्रभेचा अत्यंत मंद असा बाहेरचा भागही काचेवर खूण ठेवून गेला, आणि भिंगाचा पल्ला आखूड असल्यामुळे तो सबंध किरण एकाच काचेत मावला. आकाशगंगेच्या मंद व विस्तीर्ण प्रकाशासाठी निवडलेले भिंग सूर्याच्या मंद व विस्तीर्ण प्रभेलाही तंतोतंत लागू पडले. दोन्ही साधने आपापल्या ठिकाणी थोर होती. प्रश्न काय तो कोणत्या कामास कोणते लावावयाचे, एवढाच.

या छायाचित्राचे महत्त्व पुढे अधिकच वाढले. पृथ्वीवर होकायंत्राची सुई अस्थिर करणारी जी चुंबकीय वादळे होतात, ती सुमारे सत्तावीस दिवसांच्या अंतराने, म्हणजे सूर्याच्या एका फेऱ्यानंतर, पुन्हा येतात, असे वॉल्टर मांडर यांनी १९०४ च्या सुमारास दाखविले. सूर्याचा प्रभाव अरुंद अशा झोतांनी बाहेर पडत असला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. सूर्यापासून कणांचा अखंड वारा वाहत असतो, हे यूजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये गणिताने मांडले आणि पुढे अवकाशयानांनी ते प्रत्यक्ष मोजले. सूर्याच्या प्रभेचा अभ्यास करण्यासाठी भारताने २०२३ च्या सप्टेंबरात आदित्य हे यान धाडले; तळणीच्या त्या काचेशी त्याचे नाते आहे.

मांडरबाईंचे काम येथेच संपले नाही. सन १९०० मध्ये अल्जीअर्स व १९०१ मध्ये मॉरिशस येथील ग्रहणे त्यांनी पाहिली. अनेक वर्षांच्या सौरडागांच्या नोंदी घेऊन पतिपत्नींनी मिळून एक आलेख तयार केला, तो १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला. डाग प्रथम सूर्याच्या विषुववृत्तापासून दूर उमटतात आणि सुमारे अकरा वर्षांच्या चक्रात हळूहळू त्याच्याकडे सरकतात, हे त्यात एका दृष्टिक्षेपात दिसते. त्या आलेखाची आकृती पंख पसरलेल्या फुलपाखरांच्या रांगेसारखी असल्यामुळे त्याला फुलपाखरू-आलेख असेच नाव पडले, आणि आजही सूर्याचे अभ्यासक तो पुढे चालवीत आहेत. सन १९०८ मध्ये सामान्य वाचकांसाठी त्यांचा आकाशवर्णनाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यावर उभयतांची नावे असली तरी बहुतेक लेखन मांडरबाईंचे होते.

मानसन्मान मात्र फार उशिरा आले. लंडनच्या राजकीय ज्योतिष मंडळाचे सभासद म्हणून त्यांचे नाव १८९२ मध्येच सुचविण्यात आले होते. परंतु स्त्री म्हणून ते नामंजूर झाले. चोवीस वर्षांनी, १९१६ मध्ये, मंडळाने स्त्रियांना प्रवेश दिला, तेव्हा त्या सभासद झाल्या. पहिल्या महायुद्धात वेधशाळेतील पुरुष रणांगणावर गेले असता, ज्या ग्रीनिचने विवाहामुळे त्यांना जागा सोडावयास लावली होती, तेथे जाऊन त्यांनी वेतनावाचून काम केले. सन १९२८ मध्ये पतीचे निधन झाले. १५ सप्टेंबर १९४७ रोजी लंडन येथे वयाच्या ७९ व्या वर्षी मांडरबाईंनी देह ठेवला. केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यास आरंभ केला तो १९४८ मध्ये. ती पाहण्यास त्या काही महिन्यांनी उणे पडल्या. चंद्रावरील एका विवरास मांडर दांपत्याचे नाव देण्यात आले आहे, आणि २०१८ मध्ये ग्रीनिच येथे आकाशाची छायाचित्रे घेणारी जी नवी दुर्बीण बसविण्यात आली, तिला ॲनी मांडर यांचेच नाव आहे.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. पहिली दुर्बीण कोणती घ्यावी? मांडरबाईंच्या रीतीने विचार करावयाचा तर आधी काय पाहावयाचे ते ठरवावे. ज्याला नक्षत्रांची ओळखच व्हावयाची आहे, त्याने प्रथम डोळ्यांनीच आकाश पाहावे. त्यानंतर दोन डोळ्यांनी पाहावयाची, पन्नास मिलिमीटर भिंगांची, सात ते दहा पट मोठे दाखविणारी द्विनेत्री घ्यावी. तिने कृत्तिकांचा पुंजका, मृगाच्या तलवारीतील तेजोमेघ, देवयानी दीर्घिका आणि हात स्थिर असेल तर गुरूचे चंद्रही दिसतात. शनीचे कडे आणि चंद्रावरील विवरे जवळून पाहावयाची असतील तर सत्तर-ऐंशी मिलिमीटर भिंगाची दुर्बीण चालेल. मंद तेजोमेघ व तारकागुच्छ पाहावयाचे असतील तर पाच-सहा इंच व्यासाच्या आरशाची, साध्या लाकडी बैठकीवर फिरणारी दुर्बीण त्याच पैशात अधिक प्रकाश गोळा करते.

पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे की, खोक्यावर पाचशे पट, सहाशे पट असे जे आकडे मोठ्या अक्षरांत छापलेले असतात, त्यांवर भुलू नये. भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुप्पट मोठे दिसणे ही साधारण मर्यादा होय. सत्तर मिलिमीटरांच्या दुर्बिणीने एकशे चाळीस पटींच्या पलीकडे चित्र केवळ मोठे व पुसट होते. आणि तिपाई लटपटणारी असेल तर उत्तम भिंगही व्यर्थ आहे. वाऱ्याच्या झुळकीने जी दुर्बीण हलते, तीतून शनी काय, समोरच्या टेकडीवरचे देऊळही नीट दिसावयाचे नाही.

छायाचित्रे घ्यावयाची असल्यास हिशेब पुन्हा निराळा. चंद्राचे चित्र दुर्बिणीच्या नेत्रभिंगाशी साधा मोबाइल धरूनही निघते. आकाशगंगेसाठी मात्र दुर्बिणीचे कामच नाही. विस्तीर्ण आकाश टिपणाऱ्या भिंगाचा कॅमेरा भक्कम तिपाईवर ठेवून पंधरा-वीस सेकंद उघडा ठेवला की पुरे. त्याहून अधिक वेळ ठेवावयाचा तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे तारे रेघांसारखे उमटतात; मग ध्रुवाकडे रोखलेल्या अक्षाभोवती सावकाश फिरणारी बैठक लागते. आपल्या कामरगावी ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे वीस अंशच वर असतो, म्हणून उत्तरेचे क्षितिज मोकळे असलेली जागा पाहावी. सूर्याकडे मात्र योग्य गाळणी पुढे बसविल्यावाचून कोणत्याही दुर्बिणीतून क्षणभरही पाहू नये. तेवढ्याने दृष्टी कायमची जाते.

ज्या घरात दुर्बिणीसाठी पैसे निघण्यासारखे नाहीत, त्या घरातील मुलांनीही निराश होण्याचे कारण नाही. मांडरबाईंना ते लांब किरण दाखविणारे भिंग लाभले खरे. परंतु काचेवरील पुसट रेघ ओळखणारी नजर त्यांनी त्याआधी चार वर्षे, चार पौंडांवर, सूर्याचे डाग मोजून कमावली होती. ती कमाई आपल्या अंगणातही करता येते. येत्या अमावास्येच्या रात्री गावाबाहेरच्या बांधावर जावे, दहा-पंधरा मिनिटे अंधारात डोळे निवू द्यावेत, जे दिसेल ते तारीख व वेळ घालून वहीत उतरावे, आणि असा क्रम वर्षभर चालवावा. वर्षअखेरीस कोणते साधन आपल्याला हवे, हे त्या वहीलाच विचारावे.